मशीनची कंपनी बंद पडली म्हणे: खरं-खोटं हुडकायचं कसं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतलं एखादं शटर आठवडाभर खाली दिसलं की "कंपनी बुडाली" ही बातमी खानापूर-निपाणीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मग गिऱ्हाईक हमखास दोनपैकी एक चूक करतं. घाबरून स्पेअरचा दुप्पट भाव मोजतं, नाहीतर "अफवाच असणार" म्हणत खरोखर गाळात चाललेल्या कंपनीला ॲडव्हान्स पाठवतं. दोन्ही चुका तपासणीचा क्रम उलटा लागल्यामुळे होतात. आधी फोन, मग गूगल, मग गेट, आणि कागद कधीच नाही.

क्रम असा ठेवा: आधी कागद (म्हणजे सरकारी नोंदी), मग एका किरकोळ स्पेअरची ऑर्डर, शेवटी गेट. कागदाचं बहुतेक काम मोबाइलवर होतं आणि फुकट होतं.

एक फरक सुरुवातीलाच ध्यानात घ्या. लोक ज्याला 'बंद' म्हणतात त्याचे निदान चार प्रकार असतात: उत्पादन थांबलंय पण सर्व्हिस चालू आहे, कारखाना दुसरीकडे हलवलाय, भावाभावांत वाटणी होऊन नाव बदललंय, किंवा खरोखरच कारभार आटोपलाय. यातल्या फक्त शेवटच्या प्रकारात तुमचं मशीन पोरकं होतं.

## १. कोणाची चौकशी करायची ते पक्कं करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक ब्रँडचं नाव घेऊन शोधतात, पण सरकारी नोंदीत ब्रँड नसतो, फर्मचं कायदेशीर नाव असतं. मशीनवर ठळक लिहिलेलं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं.

हे जमवून ठेवा:

- मशीनच्या नेमप्लेटचा स्पष्ट फोटो: मॉडेल, सीरियल नंबर, उत्पादनाचं वर्ष, हॉर्सपॉवर.
- मूळ टॅक्स इनव्हॉइस. डीलरकडून घेतलं असेल तर त्यावर डीलरचा जीएसटी नंबर असतो, उत्पादकाचा नव्हे. उत्पादकाचा नंबर वॉरंटी कार्डावर किंवा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बघा, नाहीतर डीलरकडून मागून घ्या.
- ॲडव्हान्स दिला असेल तर पैसे ज्या खात्यात गेले त्या खात्याचं नाव आणि तारीख.

जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि तो वाचता आला तर निम्मं काम तिथेच होतं. पहिले दोन अंक राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नंबरातलं सहावं अक्षर फर्मचा प्रकार सांगतं: 'पी' असेल तर एकट्या मालकाची, 'एफ' म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), 'सी' म्हणजे कंपनी, 'एच' म्हणजे एकत्र हिंदू कुटुंब.

सावध: पत्ताही नीट वाचा. नुसतं 'गोकुळ' एवढंच दिसलं तर तो हुबळीचा गोकुळ रोड की कोल्हापूरचं गोकुळ शिरगाव, हे आधी ठरवा. पिन कोड ५९० किंवा ५९१ ने सुरू होत असेल तर बेळगाव जिल्हा, ४१६ ने होत असेल तर कोल्हापूरकडची बाजू. आणि बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालंय, त्यामुळे इंग्रजीत शोधताना जुनं आणि नवं अशी दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा.

## २. जीएसटी पोर्टलवर नाडी बघा

लॉगिन लागत नाही. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये नंबर आणि कॅप्चा टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, पत्ता आणि स्टेटस दिसतं. बहुतेक जण स्टेटस 'ॲक्टिव्ह' बघून निश्चिंत होतात. तिथे थांबू नका. खाली 'शो फाइलिंग टेबल' आहे, खरी माहिती तिथे आहे.

त्या तक्त्यात कोणत्या महिन्याचं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. मासिक भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी (कर भरल्याचं रिटर्न) २० तारखेपर्यंत यायला हवं. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेले बरेच जण तिमाही पद्धत घेतात. त्यांचं जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेपर्यंत आणि ३बी कर्नाटक आणि महाराष्ट्र या आपल्या दोन्ही राज्यांत २२ तारखेपर्यंत येतं. म्हणजे एखाद्याच्या नावापुढे दोन महिने काहीच दिसत नसेल तर आधी तो तिमाहीवाला नाही ना, हे बघा. कंपोझिशनवाल्याचा (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या फर्मचा) तक्ता आणखी वेगळा, त्यात तिमाही सीएमपी-०८ हा फॉर्म दिसतो.

तक्ता असा वाचा:

- तारखा वेळेवर, सलग: ऑफिस तरी चालू आहे.
- तारखा महिन्यागणिक पुढे सरकत चालल्या: आधी २० ला, मग २८ ला, मग पुढच्या महिन्यात. पैशांची ओढाताण चालू असल्याची ही सगळ्यात आधी दिसणारी खूण. ॲडव्हान्स इथेच रोखा.
- सलग दोन कालावधींचं ३बी नाही: अशा फर्मला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचा कागद) काढता येत नाही. राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल पाठवायला ई-वे बिल लागतं, कर्नाटकातल्या कर्नाटकातही मर्यादा तेवढीच आहे. "मशीन तयार आहे, उद्या गाडी भरतो" असं कोणी सांगत असेल आणि तक्ता असा दिसत असेल, तर ती गाडी सरळ मार्गाने निघणार नाही.
- सस्पेंडेड: एक तर मालकाने स्वतः नोंदणी रद्द करायला अर्ज दिलाय, नाहीतर खात्याने नोटीस काढलीय. दोन्हीत त्याला करपात्र माल विकता येत नाही.
- कॅन्सल्ड: 'ऑन ॲप्लिकेशन' म्हणजे स्वतःहून, 'सुओ मोटो' म्हणजे खात्याने. रद्द झाल्याची तारीख टिपून ठेवा. खात्याने रद्द केलेली नोंदणी अर्ज करून परत चालू होऊ शकते, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बघा.

ध्यानात ठेवा: शून्य उलाढालीचं रिटर्नही भरता येतं. रिटर्न येतंय म्हणजे अकाउंटंट काम करतोय एवढंच सिद्ध होतं, लेथ फिरतंय हे नाही.

### सीमेवरची खास अडचण

२९ चा नंबर रद्द दिसला की लोक लगेच "संपलं" म्हणतात. आपल्या भागात तेवढ्यावर निकाल देता येत नाही. बेळगावातून उठून चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला किंवा हलकर्णीला गेलं की राज्य बदलतं आणि राज्य बदललं की नवा जीएसटी नंबर घ्यावाच लागतो. गाडीने अर्ध्या-पाऊण तासाची जागा, पण कागदावर जुना कारखाना बंद, नवा सुरू.

म्हणून जीएसटी पोर्टलवरच 'सर्च बाय पॅन' वापरा. जुन्या नंबरातली मधली दहा अक्षरं, म्हणजे तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची, तिथे टाका. त्या पॅनवरचे सगळ्या राज्यांतले नंबर दिसतात. २९ रद्द आणि २७ चालू, आणि दोन्ही तारखा जवळजवळच्या असतील, तर कंपनी बंद झालेली नाही, हद्द ओलांडून गेलीय.

पॅनवर काहीच चालू दिसत नाही, पण त्याच ब्रँडचं मशीन बाजारात येतंय? मग वाटणी किंवा विक्री झालीय. नव्या फर्मचा पॅन वेगळा असतो. ती ब्रँड वापरते म्हणून जुन्या फर्मची वॉरंटी तिच्यावर आपोआप येत नाही. ती लेखी मागा.

## ३. कंपनी असेल तर एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय)

सहावं अक्षर 'सी' असेल, किंवा 'एफ' असून नावात एलएलपी असेल, तरच ही पायरी. एकट्या मालकाची किंवा साधी भागीदारी फर्म एमसीएच्या पोर्टलवर सापडणारच नाही, आणि "एमसीएवर नावच नाही, म्हणजे बोगस" हा निष्कर्ष चुकीचा. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथली कितीतरी चांगली वर्कशॉपं मालकीचीच आहेत.

मास्टर डेटात तीन ओळी बघा. पहिली, स्टेटस: 'ॲक्टिव्ह' (चालू), 'स्ट्राइक ऑफ' (नाव नोंदीतून काढलं), 'अंडर प्रोसेस ऑफ स्ट्रायकिंग ऑफ' (काढायचं चाललंय), 'अंडर लिक्विडेशन' (मालमत्ता विकून देणी भागवणं चालू), 'डॉर्मंट' (निष्क्रिय). दुसरी, शेवटच्या ताळेबंदाची तारीख. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर ३० दिवसांत ताळेबंद दाखल व्हायला हवा. म्हणजे जानेवारीत बघताना मागच्याच ३१ मार्चचा ताळेबंद दिसला पाहिजे. एक वर्ष मागे असेल तर ढिलाई समजा, दोन वर्षं मागे असेल तर स्टेटस 'ॲक्टिव्ह' असूनही हात आखडता घ्या. तिसरी, चार्जेसची यादी: कोणत्या बँकेचा बोजा आहे ते कळतं आणि चौथ्या पायरीत तेच नाव लागतं.

१०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेले कागदही उघडता येतात. ॲडव्हान्स लाखांत असेल तर हे १०० रुपये वाचवू नका. ताळेबंदात 'ॲडव्हान्स फ्रॉम कस्टमर्स' ही रक्कम वाढत चाललीय आणि विक्री घटतेय असं दिसलं, तर नव्या गिऱ्हाइकाच्या पैशांवर जुन्याची ऑर्डर निघतेय.

## ४. बँक आणि दिवाळखोरी

अफवांचा मोठा उगम म्हणजे पेपरातली बँकेची ताबा नोटीस. ती नीट न वाचताच फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. थकीत कर्जासाठी बँक आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि पैसे आले नाहीत तर ताबा घेते. नोटिशीत 'सांकेतिक' किंवा 'प्रतीकात्मक' ताबा लिहिलं असेल तर आत काम चालू असू शकतं, कुलूप पडलेलं नसतं. 'प्रत्यक्ष ताबा' असेल तर मात्र तुमचं दुरुस्तीला गेलेलं मशीन किंवा डाय आत अडकली का, ते त्याच दिवशी बघा आणि मालकीच्या बिलासह बँकेच्या अधिकाऱ्याला लेखी कळवा. लिलाव लागलाय का ते बँकांच्या 'बँकनेट' या लिलाव पोर्टलवर दिसतं.

आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाच्या पोर्टलवर 'पब्लिक अनाउन्समेंट' मध्ये कंपनीचं नाव टाकून बघा. कर्नाटकातल्या कंपनीचं प्रकरण एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठापुढे चालतं, कोल्हापूरकडच्या कंपनीचं मुंबईत. इथे नाव सापडलं म्हणजे कंपनी बंद, असं नाही. 'सीआयआरपी' (कंपनी वाचवता येते का ते बघायची दिवाळखोरी प्रक्रिया) चालू असताना कारभार रिझोल्यूशन प्रोफेशनल नावाच्या नेमलेल्या माणसाच्या हाती जातो आणि कारखाना चालू ठेवणं हे त्याचंच काम असतं. 'लिक्विडेशन' ही त्यापुढची पायरी.

मुदत चुकवू नका: तुमचा ॲडव्हान्स अडकला असेल तर दावा जाहीर नोटिशीतल्या तारखेच्या आत दाखल करा. ती मुदत साधारण १४ दिवसांचीच असते. मशीनसाठी दिलेल्या ॲडव्हान्सचा दावा ऑपरेशनल क्रेडिटर (व्यवहारातला देणेकरी नव्हे, घेणेकरी) म्हणून 'फॉर्म बी' मध्ये करता येतो. पावती, बँक स्टेटमेंट, ऑर्डरची प्रत जोडा. उशीर झाला तरी काही काळ दावा घेतात, पण कारण द्यावं लागतं. जुन्या मालकाला फोन करत बसण्यात हे दिवस घालवू नका, त्याच्या हातात तेव्हा काही उरलेलं नसतं.

## ५. पीएफवरून माणसं मोजा

२० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ लागतो. ईपीएफओच्या पोर्टलवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' मध्ये नाव टाकलं की महिनावार भरणा आणि त्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा भरला, हे दिसतं. भरण्याची तारीख पुढच्या महिन्याची १५.

वर्षापूर्वी ६० माणसं, आज ५५ असतील तर कारखाना चालू आहे. ६० वरून ७ वर आली असतील तर उत्पादन थांबलंय, हिशेब आणि वसुलीपुरती माणसं राहिलीत. गेटवर दहा जणांना विचारून जे कळत नाही ते या एका तक्त्यात असतं. कंत्राटी कामगार मात्र ठेकेदाराच्या नावावर असतात, ते धरून चाला.

पंप किंवा मोटरसारखं आयएसआय मार्कचं सामान असेल तर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये लायसन्सचा सीएम/एल नंबर टाकून ते चालू आहे का बघा. शेती अवजार असेल तर रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात) विचारा की यंदाच्या अनुदानाच्या यादीत ही कंपनी आहे का.

यावर विसंबू नका: उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या नोंदणीचं; त्याचं दरवर्षी नूतनीकरण नसतं), वेबसाइट चालू असणं, आणि गूगल मॅपवरचं 'कायमचे बंद'. तो शेरा कोणीही सुचवू शकतो, स्पर्धकसुद्धा.

## ६. फोन करा, पण "चालू आहे का?" विचारू नका

त्या प्रश्नाला चालू कंपनी चिडते आणि बुडती "हो" म्हणते. शिवाय व्यापाऱ्यांची यादी देणाऱ्या वेबसाइटवरचा नंबर फिरवला तर कॉल अनेकदा दुसऱ्याच विक्रेत्याकडे जातो. "ते बंद झाले हो, आमच्याकडे घ्या" हे त्याने सांगणं साहजिकच आहे. नंबर बिलावरचा किंवा नेमप्लेटवरचाच वापरा.

विचारायचं असं: "अमुक मॉडेल, सीरियल नंबर अमुक. सील किट दोन नग पाहिजेत. प्रोफॉर्मा पाठवा." मग ही छोटी ऑर्डर खरोखरच द्या. दोन-तीन हजारांचा, नाहीतरी लागणारच असा पार्ट निवडा. पैसे पाठवण्याआधी खात्याचं नाव फर्मच्या कायदेशीर नावाशी जुळतंय ना, बघा. 'मालकाच्या मुलाच्या' किंवा 'नव्या मॅनेजरच्या' खात्यावर मागितले तर तिथेच थांबा. "कंपनी बंद होतेय, स्टॉक निम्म्या भावात" असे फोन अफवेच्या पाठोपाठच येतात.

पार्ट आला की या चार गोष्टी तपासा:

1. बिलावरचा जीएसटी नंबर दुसऱ्या पायरीत बघितलेलाच आहे का?
2. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) माल कुठून भरला? कारखान्याच्या गावातून, की भलत्याच शहरातल्या डीलरच्या दुकानातून?
3. पार्टवर नवी तारीख किंवा बॅच आहे, की धूळ झटकलेला जुना स्टॉक? रबराचं सील नखाने दाबून बघा. कडक झालेलं, बारीक चिरा पडलेलं असेल तर ते बरीच वर्षं रॅकवर पडून होतं.
4. तुम्ही जीएसटी भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या १४ तारखेनंतर ते बिल तुमच्या २बी मध्ये (पोर्टलवरच्या खरेदीच्या बिलांच्या यादीत) आलं का? फर्म तिमाही पद्धतीची असेल तर तिमाही संपेपर्यंत थांबावं लागू शकतं.

## ७. शेवटी गेट

जायचा दिवस जपून निवडा. खंडेनवमी, गणपती, दिवाळीचा आठवडा आणि १ नोव्हेंबर टाळा. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरू नका, आधी विचारून घ्या. छोटी फाउंड्री तर रोज ओतकाम करत नाही. हीटचा दिवस नसेल तर तिथे शुकशुकाटच दिसणार. शेती अवजारांच्या कारखान्यात हंगाम सरल्यावर काम मंदावतं. म्हणून एका भेटीवर निकाल देऊ नका. एकदा सकाळी पाळी भरताना आणि एकदा दुपारनंतर गाड्या भरायच्या वेळी, वेगवेगळ्या दिवशी जा.

काय बघायचं? बोर्ड आणि रंग नव्हे, कचरा बघा. मशीन शॉपच्या मागे लेथच्या चिप्सचा ढीग असतो. ताज्या चिप्स चकचकीत नाहीतर निळसर, कूलंटचा वास असलेल्या. उघड्यावर पावसात राहिलेल्या थोड्याच दिवसांत तांबूस होऊन एकमेकींना चिकटतात. वरचा थर ताजा असेल तर कारखाना चालू आहे, बोर्ड कितीही गंजलेला असो. फाउंड्रीत तेच काम नव्या स्लॅगचा आणि काळ्या वाळूचा ढीग करतो. गेटसमोरच्या चाकोरीत गवत उगवलंय का, तेही बघा.

वॉचमनला "कंपनी बंद झाली का मामा?" विचारलं तर तो शिकवलेलं उत्तर देतो. त्यापेक्षा "शेवटची गाडी कधी भरली?", "पाळ्या किती चालतात?" असं विचारा. मग समोरच्या टपरीवर, जवळच्या वजनकाट्यावर आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. सगळ्यात खरं उत्तर बहुधा ट्रान्सपोर्टवाल्याकडे असतं, कारण त्याची उधारी अडकलेली असते.

गेटवरची नोटीस कन्नडमध्ये असेल तर अंदाज करू नका, फोटो काढून जाणत्याकडून वाचून घ्या. 'रजे' म्हणजे सुट्टी, 'बाडिगे' म्हणजे भाडं, 'हराजु' म्हणजे लिलाव. रजेच्या नोटिशीचा फोटो लिलावाची म्हणून फिरवला जातो. संप, टाळेबंदी आणि कायमची बंदी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, नोटिशीत कोणती लिहिलीय ते बघा.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर कर्नाटकच्या कारखाने व बाष्पके खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज द्या: लायसन्स चालू आहे का, बंदीची नोटीस आली आहे का. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

## ८. निकालानुसार काय करायचं

चालू आहे, पण ओढाताण दिसते: नवी ऑर्डर द्यायचीच असेल तर ॲडव्हान्स कमीत कमी ठेवा, उरलेले पैसे कारखान्यात मशीन चालवून बघितल्यावर आणि बिल्टी हातात आल्यावर. बँकेच्या कर्जातून घेत असाल तर हीच अट बँकेलाही सांगा, नाहीतर बँक कोटेशनवर सगळी रक्कम एकदम पाठवून मोकळी होते.

स्थलांतर किंवा नवी फर्म: नव्या लेटरहेडवर जुन्या सीरियल नंबरची वॉरंटी आणि सर्व्हिस लिहून घ्या.

सर्व्हिस चालू, उत्पादन बंद: घाई इथे करायची. पण सगळं घेऊ नका. बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील बाजारात कुठेही मिळतात. बेअरिंगवरचा नंबर, बेल्टवरचा सेक्शन आणि लांबी, सीलचं आतलं-बाहेरचं माप टिपून ठेवलं की झालं. पैसे घाला ते फक्त त्याच कंपनीचे असतात त्या पार्टांत: गिअर, कॅम, खास कास्टिंग, कंट्रोल कार्ड. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोल संगणक) असेल तर प्रोग्रामचा बॅकअप आणि पासवर्ड सर्व्हिस इंजिनिअर कामावर असेतोवर मागून घ्या. तो माणूस दुसरीकडे लागला की पासवर्ड गेलाच.

पूर्ण बंद: ॲडव्हान्स अडकला असेल आणि मशीन स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. स्पेअरसाठी कंपनीला नव्हे, तिच्या फाउंड्रीला हुडका. मशीन बनवणारे बरेच छोटे कारखाने स्वतः ओतकाम करत नाहीत, ते जॉबवर देतात, आणि पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बहुतेक वेळा त्या फाउंड्रीच्याच माळ्यावर पडून असतो. कास्टिंगवर उठावात फाउंड्रीची खूण किंवा पॅटर्न नंबर असेल तर वायर ब्रशने घासून, वर खडू फिरवून फोटो काढा आणि तो घेऊन उद्यमबाग, मच्छेकडच्या फाउंड्र्यांत विचारा. फाउंड्रीवाला एका नगासाठी बॉक्स (वाळूचा साचा) बांधायला तयार होत नाही, पण तेच मशीन असलेले चार-पाच जण मिळून ऑर्डर घेऊन गेलात तर होतो.